कंबरदुखीत एक्स-रे कधी काढावा

तुम्ही लिहिलंय की भावाचं वय ३८, कंबर दहा दिवस दुखतेय. ताप नाही, तो पडलेला नाही, पायांत ताकद नीट आहे. मग एक्स-रेसाठी आत्ताच म्हापशाला धावू नका. एक्स-रेत हाड दिसतं. स्नायू, नस आणि प्रत्यक्ष डिस्क (दोन मणक्यांमधली गादी) दिसत नाही. दोन मणक्यांतली जागा कमी दिसली की रिपोर्टवर ‘झीज’ येते, पण तशी झीज काहीच न दुखणाऱ्या माणसांतही सर्रास असते. त्या शब्दाने माणूस घाबरून वाकणं-चालणं सोडतो आणि दुखणं लांबतं. याचं मला फार वाईट वाटतं. शिवाय कंबरेच्या एक्स-रेचं रेडिएशन छातीच्या एक्स-रेपेक्षा दहापटीहून जास्त असतं.

साधी कंबरदुखी बहुधा सहा आठवड्यांत बरीच उतरते. तोवर झेपेल तेवढं चालावं, शेक घ्यावा, अंथरूण धरू नये.

माडावरून पडलेला पाडेली (नारळ काढणारा), स्कूटरवरून आपटलेला, हाडं ठिसूळ झालेली किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारी आजी, यांचा मात्र लगेच काढावा; मणका दबलाय का ते कळतं. मणका पुढे सरकल्याचा संशय असेल तर उभं राहून, बाजूने काढायला सांगा. झोपून काढल्यास सरकणं लपू शकतं.

ताप, विनाकारण घटणारं वजन किंवा पूर्वीचा कॅन्सर असेल तर एक्स-रे नॉर्मल आला म्हणून निर्धास्त राहू नका. आणि लघवी अडकली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेना, तर त्याच दिवशी बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कॅज्युअल्टीत न्या. अशा वेळी प्रश्न एक्स-रेचा नाही, नसा दाखवणाऱ्या एमआरआयचा असतो.