पंचगंगेवर चौघांचा प्रकल्प: प्रयोगशाळा खरी की भोईमामा?

काठावरची
आम्ही चौघं कोल्हापुरात पंचगंगेच्या पाण्यावर काम करतोय. मी पर्यावरणशास्त्राची, बाकीचे रसायन, समाजशास्त्र आणि शेतीचे. ६ महिने झाले तरी अहवाल म्हणजे चार प्रकरणं एका बाइंडिंगमध्ये, एवढंच. मागच्या आठवड्यात तर वाजलंच. राजाराम बंधाऱ्यावर सकाळी ११ ला घेतलेल्या नमुन्यात विरघळलेला प्राणवायू चांगला निघाला. आमच्या समाजशास्त्रवाल्या मैत्रिणीनं घेतलेल्या मुलाखतीत नदीवर मासे धरणारे भोईमामा म्हणतात, "मासं तोंड वर काढत्यात, पाणी मेलंय." रसायनवाला म्हणाला, ती मुलाखत वगळा. मला ते पटलं नाही, पण उत्तरही देता आलं नाही. अशा वेळी काय करायचं?

ब्युरेट
मासे किती वाजता तोंड वर काढतात, हे मामांना विचारलंत का? नदीत सांडपाणी आणि उसाचं खत उतरलं की शेवाळ माजतं. ते दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्रभर ओढून घेतं, त्यामुळं उजाडायच्या सुमारास पातळी सगळ्यात खाली जाते. तुमचा आकडा आणि मामा, दोन्ही खरे असू शकतात. मी २२ वर्षं पाणी तपासलं. आमची गाडी १० ला सुटायची, म्हणून नमुने कायम दुपारचे. याची हळहळ अजून वाटते.

दवाखान्यातून
चौघं 'प्रदूषण' म्हणता तेव्हा कशाबद्दल बोलता, ते आधी एकमेकांना सांगा. रसायनवाल्याला बीओडी (पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाल्ला जातो, तो आकडा) दिसतो, भोयाला मेलेला मासा. मला २०१२ ची इचलकरंजीतली काविळीची साथ आठवते. अशी कावीळ पसरवणारा हेपॅटायटिस ई चा विषाणू पाण्यात आहे का, हे बीओडीच्या आकड्यावरून कळत नाही.

काठावरची
काल मामांकडं गेलो. "पहाटं, कोंबडा आरवायच्या टायमाला," म्हणाले. आमच्या मुलाखतीच्या कागदावर वेळेचा रकानाच नव्हता! रविवारी पहाटे ४ ला चौघंही बंधाऱ्यावर जातोय. बाटली कुठं बुडवायची ते मामा दाखवणार, विंकलरची, म्हणजे विरघळलेला प्राणवायू मोजायची, रसायनं रसायनवाला स्वतः घेऊन येतोय. वरच्या शेतांत खत कधी पडलं, ते शेतीवाला विचारून ठेवणार. दर २ तासांनी नमुना पुरेल का?

ब्युरेट
नको, तासाला घ्या, आणि शनिवारी रात्री १२ पासूनच. दुपारपर्यंत थांबा, म्हणजे ११ चा आकडाही त्याच ओळीत येईल. बाटलीत बुडबुडा राहू देऊ नका, रसायनं जागेवरच घाला. आणि वहीत मामांचं निरीक्षण आकड्याशेजारीच लिहा, वेळेसकट.