पीपीमध्ये (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकमध्ये) नॅनोक्ले टाकूनही स्ट्रेंथ का वाढत नाही?

पॉलिमर_पुणे:
नमस्कार मंडळी, एमएस्सीचा प्रोजेक्ट चालू आहे. पॉलिप्रॉपिलीनमध्ये ५ टक्के सोडियम मॉन्टमोरिलोनाइट (थराथरांची नॅनोक्ले) घालून ट्विन स्क्रूमधून (वितळवून मिसळणाऱ्या मशीनमधून) काढलं, तर टेन्साइल स्ट्रेंथ (ओढ सोसायची ताकद) साध्या पीपीएवढंच आणि वर सॅम्पल पटकन तुटतंय. टोयोटाच्या नायलॉन ६ मध्ये एवढ्याच क्लेने हीट डिस्टॉर्शन टेम्परेचर (भाराखाली वाकायला लागतं ते तापमान) ६५ वरून १४५ अंशांवर गेलं होतं, मग आमचंच का अडलंय? एक्सआरडीत (थरांमधलं अंतर दाखवणाऱ्या एक्स-रे चाचणीत) पीक ७ अंशांजवळ होता तिथेच आहे. क्ले वाढवून बघू का?

मातीवाला:
क्ले अजिबात वाढवू नका. कॉपर ट्यूबवर ७ अंश म्हणजे थरांमधलं अंतर १.२ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे पॉलिमर आत शिरलेलंच नाही. एकेक थर जेमतेम १ नॅनोमीटर जाड पण सगळे पत्त्यांच्या कॅटसारखे चिकटलेले आणि मधे सोडियम नि पाणी, तिथे पीपीसारखं नॉन-पोलर (पाण्याशी न जुळणारं) पॉलिमर जाणार कसं. टोयोटावाल्यांनी नुसती क्ले ढवळली नव्हती हो, सोडियम काढून तिथे अमिनो ॲसिडचा अमोनियम आयन बसवला आणि कॅप्रोलॅक्टम (नायलॉन ६ चा कच्चा माल) थरांच्या मधेच पॉलिमराइज केलं, साखळ्या आत वाढत गेल्या तसे थर सुटे झाले. तुमचं अजून साधं फिलर भरलेलं पीपीच आहे.

कंपाउंडिंग_काका:
बरोबर. ऑर्गॅनोक्ले (सोडियमच्या जागी सेंद्रिय अमोनियम बसवलेली क्ले) घे, पण पीपीत तेवढ्यावर भागत नाही, सोबत मॅलेइक ॲनहायड्राइड ग्राफ्ट केलेलं पीपी (क्ले आणि पीपीमधला दुवा) लागतंच. क्ले रात्रभर ओव्हनमध्ये वाळव. आणि बॅरलचं टेम्परेचर उगाच चढवू नकोस, ते क्वाटर्नरी अमोनियम २०० च्या आसपास फुटायला लागतं मग माल पिवळट पडतो नि थर परत जवळ येतात.

पॉलिमर_पुणे:
खूप आभार दोघांचे! मग पीक गायब झाला की एक्सफोलिएशन (थर पूर्ण सुटे होणं) झालं असं लिहू शकते ना?

मातीवाला:
नाही, तेवढ्यावर लिहू नका. क्ले कमी असली किंवा थर वेडेवाकडे बसले तरी पीक जातो, टीईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तपासणी) करून घ्याच. पीपीत पूर्ण एक्सफोलिएशन सहसा मिळतही नाही, पण गठ्ठे लहान झाले तरी मॉड्युलस (ताठपणा) वाढतो. अजून एक, क्ले न घालता फक्त पीपी आणि ग्राफ्टेड पीपी असं एक सॅम्पल नक्की काढा, नाहीतर फरक नेमका कशामुळे पडला हे व्हायव्हात सांगता येणार नाही.