भिंतीवर थोरांची वाक्यं रंगवणं ही कला आहे का?

खडूफळा (परभणी)
सतरा सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, जवळ आला की आमच्याकडं रंगाचे डबे निघतात. यंदा एका शाळेनं माझ्याकडून 'स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे' काढून घेतलं. टिळकांची पगडी, मागं उगवता सूर्य, तुटलेली साखळी, वर कबूतर. वीस वर्षं ड्रॉइंग शिकवतोय, तुटकी साखळी आता डोळे मिटून काढतो.

माझं म्हणणं एवढंच, की चांगल्या चित्राला वाक्य लिहावं लागत नाही. अमेरिकेचा अध्यक्ष रूझवेल्टनं जानेवारी १९४१ च्या भाषणात चार स्वातंत्र्यं सांगितली. तिथलाच चित्रकार नॉर्मन रॉकवेलची त्यावरची चार चित्रं १९४३ साली छापून आली. भाषणस्वातंत्र्याच्या चित्रात ना कबूतर ना साखळी. गावच्या सभेत एक माणूस उभा राहिलाय. अंगात कामावरचं जॅकेट, खिशात घडी घातलेला कागद, बाजूचे टायवाले मान वर करून ऐकतायत. बस्स. घरकुलाच्या यादीवर ग्रामसभेत उठलेला माणूस आपल्याकडं कुणी काढलाय?

जवारी
उठला की खाली बसवायलेत सर. चित्राला तेवढा वेळ तर उभा राहिला पाहिजे.

गोदाकाठ (नांदेड)
रॉकवेलला लई डोक्यावर घेऊ नका. तीच चित्रं गावोगाव फिरवून सरकारनं युद्धाचे रोखे विकले, तेरा कोटी डॉलरच्या वर. म्हणजे तीही प्रचाराचीच भिंत. त्या चारांतल्याच 'अभावापासून मुक्ती'त टेबलावर भाजलेली टर्की आहे. त्याच साली बंगालात माणसं भातावाचून मरत होती. चित्रकार चित्तप्रसादनं तिथल्या मिदनापुरात हिंडून ती शाईत काढली, त्याची पुस्तिका केली, तर इंग्रजांनी तिच्या प्रती जप्त केल्या.

आणि मुक्तिसंग्रामाला टिळक कशाला? निजामाच्या करोडगिरी (जकात) नाक्यावर चालून जाणारी पोरं काढा, त्याचा महसूल बुडवायला शिंदीची झाडं तोडणारी काढा. ते आपलं.

वकीलताई (लातूर)
दोघांचंही पटलं नाही. अक्षराला एवढं हलकं समजू नका. संविधानाची मूळ इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादांनी हातानं लिहिली, नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनच्या मंडळींनी पानं सजवली. तिथं अक्षर हीच कला आहे.

माझी आई चौथी शिकलेली. बसची वाट बघत समोरच्या भिंतीवरची उद्देशिका बोट हवेत फिरवत वाचते. 'दर्जाची व संधीची समानता' इथं रंगाचा पोपडा पडून 'सं' गेलाय. उरलं नुसतं 'धीची'. ती 'सं' पदरचा घालते आणि पुढं जाते. तुमचा तो जॅकेटवाला तिला काय सांगणार?

खडूफळा
आईंपुढं माघार. पण संविधानाचं उदाहरण माझ्या विरोधात जात नाही. निवडणुकांच्या भागावर शिवाजी महाराज आहेत. तिथला मजकूर आणि महाराज यांचा जोड कुणी लावून दाखवावा. ती इतिहासाची चित्रं आहेत, वाक्यांची नव्हेत.

मोडीवाला (धाराशिव)
महाराजांचा विषय निघालाच आहे तर. एका कार्यालयाच्या बाहेरच्या भिंतीवर 'रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका' असं रंगवलंय. खाली हसरा शेतकरी, डोक्यावर पाटी. हे पत्र १६७६ चं, प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेलं. त्यात हात लावण्याचाही प्रश्न नाही, देठाला 'मन'सुद्धा दाखवू नको असा हुकूम आहे. म्हणजे वाक्य अंमलदाराला उद्देशून, आणि ते वाचतं कोण? सातबाऱ्यासाठी उन्हात रांगेत उभी असलेली रयत.

इटलीतल्या सिएनात लोरेंझेत्ती या चित्रकारानं १३३८-३९ मध्ये चांगला आणि वाईट कारभार रंगवला, तो नगराचे नऊ कारभारी जिथं बसत त्या खोलीत. एकीकडं नाचणाऱ्या मुली, धान्याची शेतं. दुसरीकडं शिंगं असलेला जुलमी आणि त्याच्या पायाशी बांधून टाकलेली न्यायदेवता. कारभार करता करता रोज नजरेसमोर. वाद वाक्य की चित्र असा नाहीच, भिंत कुठली हा आहे.

वकीलताई
बाहेरची पुसू नका म्हणजे झालं. रांगेतल्या माणसालाही कळू द्या साहेबाला काय हुकूम होता ते.

जवारी
सर, मग साहेबाच्या केबिनीत शिंगवाला काढून देता का? फुटाचा भाव सांगा.

खडूफळा
शिंगं फुकट काढतो. केबिनची चावी तुम्ही आणा.