दुबईची जुनी बाईक निम्म्या किमतीत जळगावात? पोरांचे पैसे बुडवणं थांबवा

गॅरेजवाला_भुसावळ (धागा सुरू करणारा)

आपल्या भागातल्या ग्रुपांवर दोन दिवसांपासून एक पोस्ट फिरतेय. तिचा मतलब असा: दुबईत पाच-सहा वर्षं वापरलेली हजार सीसीची बाईक मातीमोल भावात मिळते. तिकडे असलेल्या भाच्या-पुतण्याला सांगा, कंटेनरमधून न्हावाशेवाला उतरवा, शुल्क भरा आणि एमएच-१९ पासिंग करून घ्या. शोरूमच्या निम्म्यात काम होतं, सरकार उगाच घाबरवतं. खाली एजंटाचा नंबर. बोदवडकडचा एक पोरगा ही पोस्ट घेऊन माझ्याकडे आला. आईच्या पोतीवर कर्ज काढून आगाऊ रक्कम देणार होता. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट, पाच-सहा वर्षांची गाडी येतच नाही. जुनी गाडी आणायची तर उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांच्या आतली हवी, आणि पुढे किमान पाच वर्षं रस्त्यावर चालेल याची हमी द्यावी लागते. दुसरी, न्हावाशेवा विसरा. वापरलेल्या वाहनाला आयात धोरणात मुंबईचंच बंदर सांगितलंय. म्हणजे पोस्ट लिहिणाऱ्याला बंदरसुद्धा माहीत नाही.

तिसरी, किंमत. तुम्ही तिकडे गाडी केवढ्याला घेतली हे कस्टमवाले बघत नाहीत. नवी असतानाची किंमत धरतात आणि घसारा वजा करतात: पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी अडीच. तीन वर्षांत झाले ३८ टक्के. नवी दहा लाखांची असेल तर तुम्ही तीन लाखांत घेतलेली गाडी त्यांच्या कागदावर सहा लाख वीस हजारांची. जुन्यावरचं शुल्क हिशेबाला शंभर टक्के धरा, झाले बारा लाख चाळीस. त्या सगळ्यावर जीएसटी. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या बाईकला ४० टक्के. साडेसतरा लाखांच्या जवळ गेलात, आणि जहाजभाडं, विमा, चाचणी, राज्याचा कर अजून बाकीच आहे. निम्मी किंमत कुठे आहे यात?

चौथी गोष्ट मी हाताने बघितलेली. उजव्या बाजूने चालणाऱ्या देशातली गाडी गॅरेजमध्ये भिंतीसमोर लावा आणि डिपर टाका. उजेडाची कड एका बाजूला वर चढलेली दिसते. ती उजवीकडे चढते, कारण तिकडे रस्त्याची कड उजवीकडे असते. आपल्याकडे तोच उजेड समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यात जातो. रात्री केळीचे ट्रक धावतात त्या रावेर-सावद्याच्या रस्त्यावर असला दिवा म्हणजे दोन जीव. डाव्या बाजूच्या रहदारीला जुळणारा हेडलाइट हवा ही अट उगाच घातलेली नाही.

मस्कत_रिटर्न_रावेर

नाना, हिशेब तुमचा बरोबर असेल. पण तुम्ही एजंटाला झोडपता झोडपता आमच्यासारख्यांनाही त्याच दावणीला बांधलं.

माझी उमेदीची वर्षं मस्कतला गेली. पहिल्या ओव्हरटाइमच्या पैशातून बाईक घेतली. खरीफच्या दिवसांत सलालाहच्या डोंगरात धुकं उतरतं, त्या रस्त्यावर ती चालवली. कायमचा परत यायची वेळ आली तेव्हा चौकशी केली. दोन वर्षं सलग बाहेर राहिलेल्या आणि वर्षभर गाडी ताब्यात असलेल्या माणसासाठी वेगळी वाट आहे. पण शुल्क पूर्ण! फ्रिजला, टीव्हीला, घरसामानाला सवलत, आणि घामाच्या पैशाने घेतलेल्या गाडीला एक पैशाची नाही. तिथल्या एका दुकानदाराला मिळेल त्या भावात देऊन आलो. तो चावी घेताना गाडीकडे बघतही नव्हता.

आम्ही वर्षानुवर्षं परकीय चलन घरी पाठवायचं, गावात घरं बांधायची, बहिणींची लग्नं करायची, आणि परत येताना आमची एक वस्तू सरकारला परवडत नाही? उलट नवी पूर्ण तयार गाडी मागवणाऱ्या श्रीमंताला २०२५च्या बजेटमध्ये सूट मिळाली. १६०० सीसीच्या आत ५० टक्क्यांवरून ४०, त्याच्यावर ३०. हा न्याय कुठला ते सांगा.

अमळनेरची_लेक

मी मुंबईत क्लिअरिंगचं, म्हणजे कस्टममधून माल सोडवायचं काम करते, त्यामुळे बोलल्याशिवाय राहवत नाही.

रावेरच्या दादांचं दुःख मला कळतं. पण दार उघडं ठेवलं की त्यातून दादा येत नाहीत, व्यापारी येतात. एका नावावर एक गाडी म्हणत दहा मजुरांच्या पासपोर्टवर दहा गाड्या येतील, आणि मजुराला हातावर दोन पैसे मिळतील. शुल्काची सवलत मागाल तर आधी हे कसं रोखायचं ते सांगा.

दुसरं, नानांनी चाचणीचा नुसता उल्लेख केला. खरी माती तिथेच होते. जहाजात चढण्याआधीचं प्रमाणपत्र हवं आणि इथे उतरल्यावर पुण्याची एआरएआय, नगरची व्हीआरडीई अशा वाहनं तपासणाऱ्या संस्थेकडची चाचणी हवी. आखातातल्या गाडीला आपल्या बीएस-सहाचा, म्हणजे धुराच्या मर्यादेचा कागद कुठून आणणार? मधल्या काळात यार्डाचं भाडं चढत राहतं. तीस दिवसांत माल सोडवला नाही तर तो विकायची तरतूद कस्टम कायद्याच्या कलम ४८ मध्येच आहे. एका माणसाची बाईक मी क्रेटमध्ये बघितली. फळ्यांच्या फटीतून टाकीवर पोराच्या नावाचं स्टिकर दिसत होतं. भाडं आणि शुल्क मिळून गाडीच्या किमतीच्या वर गेलं आणि त्याने फोन उचलणं बंद केलं. मग एजंटही गायब झाला.

शिरपूरकर

दुबई राहू द्या हो. नेपाळहून का आणत नाहीत लोक? रक्सौलला नाका ओलांडला की झालं. माझ्या ओळखीचे दोघं बाईक घेऊन काठमांडूला गेले नि आले, कोणी काही विचारलं नाही.

गॅरेजवाला_भुसावळ

शिरपूरकर, ते दोघं स्वतःची इथलीच गाडी घेऊन गेले. तिकडे भन्सार, म्हणजे नेपाळी कस्टमचा कर भरला, परमिट घेतलं, फिरले आणि आले. आपली गाडी नेऊन परत आणणं वेगळं आणि तिकडची गाडी इथे आणून नंबर घेणं वेगळं. शिवाय नेपाळात आयात कर एवढा आहे की आपल्याकडची साधी पल्सरही तिकडे कितीतरी महाग. तिकडची गाडी इथे स्वस्त पडते असं कोणी सांगत असेल तर ती इथूनच चोरीला गेलेली आहे का, हे आधी बघा. शुल्क चुकवून आणलेली गाडी जप्त होते, नंतर एजंट सोडवायला येत नाही.

आणि रावेरच्या भाऊंना: श्रीमंताला सूट मिळाली हे खरं. मान्य करतो, नाइलाजाने. पण तुमची तुलना चुकीच्या गाडीशी आहे. ज्या मोठ्या गाड्यांची जुळणी इथेच होते, त्यांच्या सुट्या संचावर शुल्क १० टक्के. म्हणून तीच बाईक इथे शोरूममध्ये घेतलेली परवडते, आणि तिला पार्ट मिळतात, वॉरंटी मिळते. तुमच्या मस्कतच्या गाडीचा क्लच प्लेटचा संच मी कुठून आणू?

मस्कत_रिटर्न_रावेर

पार्ट मी मागवला असता, तो माझा प्रश्न होता. पार्ट मिळत नाही म्हणून माझ्या मालकीच्या वस्तूवर शंभर टक्के कर लावायचा, हे पटवून देऊ नका.

नवापूर_नाका

तुम्ही सगळे समुद्रापलीकडचं बोलताय. आमची सीमा तर स्टेशनातूनच जाते. नवापूरच्या स्टेशनाचा एक भाग महाराष्ट्रात, एक गुजरातेत. मन्हा साडू सुरतले राहस, लिंबायतले. अर्धा खान्देश तिकडेच आहे, साड्यांच्या मार्केटात, यंत्रमागावर. त्याने जीजे-०५ची बाईक विकायला काढली, मी घेतली. दुबई नाही, दोन-अडीच तासांवरचं सुरत! आणि तिचं एमएच-३९ करता करता माझा जीव गेला.

आधी तिकडच्या आरटीओचं ना हरकत, फॉर्म २८. त्यासाठी चेसिस नंबरचा ठसा. हँडलखालचा पाइप पुसायचा, वर पारदर्शक टेप दाबायची, पेन्सिलने घासायचं. माझ्या गाडीचे दोन आकडे गंजाने पुसट, ठसा नामंजूर. बँकेचा बोजा फिटलेला पण आरसीवर तसाच. तो काढला. मग मालकी नावावर करायचे फॉर्म २९, ३०, आणि इकडे पुन्हा एकरकमी कर. साडूने तिकडे पंधरा वर्षांचा भरलेला होता! उरलेला परत मागा म्हणतात. मजुराने खाडा करून किती वेळा जायचं? तिकडचा एजंट म्हणाला कागद इकडे अडकलाय, इकडचा म्हणाला तिकडे. आते काय करो भो?

एका देशात हे हाल, तर दुबईची गाडी कशाला बोलता?

शिरपूरकर

नवापूरवाले, कोण सांगतं नंबर बदला म्हणून? आमच्याकडे सेंधव्याची, बुऱ्हाणपूरची एमपी पासिंग गाडी वर्षानुवर्षं चालते. गरज काय?

नवापूर_नाका

गरज काय? एका नाक्यावर उभं करून 'परराज्याची गाडी, पावती फाडा' म्हणणारा तुमच्या पुढ्यात उभा राहिला नाही म्हणून. बायको मागे, पोरगं टाकीवर, आणि तो किल्ली काढून घेतो.

अमळनेरची_लेक

तसं उभं करणं बेकायदाच आहे, भाऊ. परराज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तरच नवा नंबर घ्यावा लागतो, मोटार वाहन कायद्याचं कलम ४७. त्याच्या आत नुसत्या नंबरवरून पावती फाडता येत नाही. पण शिरपूरकर, तुम्ही 'वर्षानुवर्षं' म्हणताय ते चुकीचंच. उद्या अपघात झाला आणि मालकी जुन्याच नावावर असली तर कोर्टाचे कागद सेंधव्याच्या त्या माणसाला जातील, ज्याने गाडी विकून तो विषय सोडून दिलाय.

शिरपूरकर

ताई, कायदा मुंबईत बसून सांगणं सोपं आहे. इथे शेतकऱ्याला कापूस विकल्यावर चार पैसे मिळतात, त्यात तो जुनी गाडी घेतो. त्याला गाडीच्या किमतीच्या चौथाई खर्च नुसता कागदावर सांगता? आमचं लग्न-मयत सगळं सीमेपलीकडे. आज पानसेमल, उद्या उच्छल. आमच्यासाठी ती सीमा नाहीच.

अमळनेरची_लेक

मुंबईत बसून नाही. माझे वडील सायकलला धडकलेल्या अशाच परनावाच्या गाडीमुळे पाय गमावून बसलेत. भरपाईसाठी मालक शोधत आम्ही खेतिया, सेंधवा सगळं पालथं घातलं. गाडी तीन हात फिरली होती, कागद पहिल्याच हाताचे. विमाही संपलेला. गरिबाची सोय म्हणताना हा दुसरा गरीबही धरा.

शिरपूरकर

वडिलांचं वाचून वाईट वाटलं. मालकी नावावर करायलाच हवी, ते मी नाकारत नाही. नंबर आणि दुसरा कर मात्र मला पटत नाही, पटणारही नाही.

नवापूर_नाका

बीएच नंबर काढला ना २०२१ला. राज्य बदललं तरी नंबर तोच. कोणाला? केंद्र-राज्य कर्मचाऱ्यांना, लष्कराला आणि चार किंवा त्याहून जास्त राज्यांत ऑफिस असलेल्या कंपनीच्या साहेबांना. जो माणूस खरोखर दर महिन्याला सीमा ओलांडतो, तो यंत्रमागावरचा कामगार, त्याला नाही. त्याच्या मालकाचा एकच शेड आहे उधन्याला. रावेरच्या दादा, तुमचा राग मला कळतो. पण तुमच्या सलालाहच्या बाईकपेक्षा हा प्रश्न लाखो घरांचा आहे.

मस्कत_रिटर्न_रावेर

माझ्या प्रश्नावर तुमचा मोठा प्रश्न ठेवून माझा झाकू नका. दोन्हीकडे दुखणं एकच: एकदा कर भरून घेतलेल्या वस्तूवर पुन्हा कर.

चाळीसगाव_टू_स्ट्रोक

एक विचारायचं होतं. जुनी म्हणजे खूपच जुनी, पन्नास वर्षांवरची आणली तर?

गॅरेजवाला_भुसावळ

पन्नास वर्षांवरच्या व्हिंटेजचे नियम वेगळे. २०२१च्या नियमाने नंबरात व्हीए येतं, नोंदणीला वीस हजार, दहा वर्षांची मुदत. पण रोज शेतात किंवा बाजारात न्यायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर. हौशी माणसाचं काम आहे ते, स्वस्तात गाडी शोधणाऱ्याचं नाही.

नवापूरच्या भाऊंचं बीएचबद्दलचं म्हणणं मला पटलंय. सुरतला जाणाऱ्या-येणाऱ्यासाठी तो नंबर हवाच, आणि त्यासाठी आमदाराला निवेदन द्यायचं असेल तर भुसावळच्या सह्या मी गोळा करतो. दुबईबाबत मात्र एक इंच मागे सरणार नाही. बोदवडच्या पोराने पोत सोडवून आणली, पैसे दिले नाहीत. ज्यांनी दिलेत त्यांनी एजंटाकडे पावती, गाडीच्या उत्पादनाचं वर्ष आणि चाचणी संस्थेचं पत्र लेखी मागा. फोन बंद लागला तर थेट पोलिसात तक्रार द्या, ग्रुपवर रडत बसू नका.

मस्कत_रिटर्न_रावेर

एजंटाबद्दल नानांच्या बाजूने. शुल्काबद्दल नाही. निवेदनात आमचा मुद्दाही घाला: कायमच्या परत आलेल्या माणसाला आयुष्यात एकदा, एका दुचाकीला, पाच वर्षं न विकण्याच्या अटीवर सवलत. अट घातली की ताईंचा व्यापारी आपोआप गळतो.

अमळनेरची_लेक

पाच वर्षांची अट आणि गाडी त्याच माणसाच्या घरी आहे याची दरवर्षी आरटीओत हजेरी. एवढं असेल तर माझीही सही घ्या. हेडलाइट मात्र बदलूनच.