इंग्रजी स्लँग: मूळ शोधायचं की घरात बंदी घालायची?

सुदामानगरवाली: इंदूरला आमची मराठी उरलीय ती घरातच. शाळेत इंग्रजी, रस्त्यावर हिंदी. आता नववीतला मुलगा जेवताना म्हणतो, 'ब्रो, त्याला काय रिझ आहे!' सासूबाईंना असले शब्द घरात नकोत. मी म्हणते, शब्द कुठून आला ते मुलालाच शोधू द्या. 'रिझ' म्हणजे समोरच्याला भुरळ पाडायची कला; 'करिझ्मा'चा मधला तुकडा, ऑक्सफर्डने २०२३ सालचा शब्द म्हणून निवडलेला.

जुना इंदूरकर: साफ असहमत. ऑक्सफर्डने निवडला म्हणून शब्द टिकत नाही. चार वर्षांत कुणी विचारणार नाही. तेवढ्या वेळात चार म्हणी शिकवा.

कोशवेडा: काका, टिकणार नाही हे आधी कसं ठरवायचं? 'मॉब' म्हणजे लॅटिन 'मोबिले वुल्गुस'चं, चंचल जमावाचं, तोडलेलं रूप. इंग्रजी लेखक जोनाथन स्विफ्टने १७१० मध्ये त्यावर कोरडे ओढले. आज तो आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात येतो. 'ओके' २३ मार्च १८३९ ला बॉस्टनच्या वर्तमानपत्रात छापून आलं, तेही थट्टेत: 'ऑल करेक्ट' मुद्दाम चुकवून 'ओल कोरेक्ट', त्याची आद्याक्षरं. अशी आद्याक्षरं तेव्हा ढिगाने निघाली आणि विरली. ओके तरलं, कारण पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत उमेदवार व्हॅन ब्यूरेनच्या समर्थकांनी त्याच्या 'ओल्ड किंडरहूक' या टोपणनावासाठी तेच उचललं.

राजवाड्याजवळ: 'पॉश'ची गोष्टही सांगा. हिंदुस्थानच्या बोटीत सावलीची खोली हवी तर जाताना डावी बाजू, परतताना उजवी. 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' या शब्दांची आद्याक्षरं म्हणे तिकिटावर छापत.

कोशवेडा: ती नका सांगू. तसं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. त्यापेक्षा 'डेको' सांगा: गोऱ्या शिपायांनी आपलं 'देखो' उचललं, 'नजर टाकणे' या अर्थाने विलायतेला नेलं.

जुना इंदूरकर: स्विफ्ट हरला तरी त्याची इंग्रजी कुठे जाणार नव्हती. माझ्या नातवाला 'क्रिंज' कळतं, 'ओशाळणं' कळत नाही. एक शब्द आला की दुसऱ्याची जागा जाते. तुमच्या व्युत्पत्तीने ती परत मिळणार आहे का?

सुदामानगरवाली: काका, बंदीनेही मिळणार नाही. मुलगा हे शब्द मित्रांत वापरेल आणि माझ्यापाशी गप्प बसेल. परवा सांगितलं, 'भैया'चं आपल्या इंदुरात 'भिया' झालं, तसं 'ब्रदर'चं 'ब्रो'. लगेच विचारतो, मग मराठीत असं काय तुटलं? 'अरे बापरे' घेऊन अर्धा तास बसलो.

जुना इंदूरकर: अर्धा तास मराठीत बोललात ना? तेवढं मान्य. 'रिझ' अजूनही नाही.