जनुकीय ‘विविधता’ की ‘भिन्नता’?

वाटसरू : मेलानेशियातल्या, म्हणजे न्यू गिनीपासून फिजीपर्यंतच्या, बेटांवरच्या लोकांबद्दलचा एक लेख मराठीत करतोय. ‘इथे जनुकीय विविधता प्रचंड आहे’ असं एका ओळीत झालंय आणि पुढच्याच ओळीत ‘प्रत्येक गटात विविधता कमी आहे’. वाचणारा म्हणेल, आधी काय ते ठरवा! शब्द बदलू का?

टिपणवही : बदलाच. गोष्टी दोन आहेत. एका गटातली माणसं आपसांत किती वेगळी, ती विविधता. हा गट त्या गटाहून किती वेगळा, ती भिन्नता. जोनाथन फ्रीडलेंडर आणि सहकाऱ्यांनी 2008 साली पॅसिफिकमधल्या 41 लोकसमूहांतल्या 952 जणांची जनुकीय माहिती मांडली, तिच्यात नेमकं हेच आहे. गटाच्या आत सारखेपणा, गटागटांत मोठं अंतर. न्यू ब्रिटनसारख्या मोठ्या, डोंगराळ बेटाच्या आतल्या भागात तर फारच. वस्ती लहान आणि सोयरीक जवळपासच, त्यामुळे जनुकांची काही रूपं निव्वळ योगायोगाने नाहीशी होतात. पलीकडच्या डोंगरात दुसरीच टिकतात.

दर्यावर्दी : ‘तफावत’ कसा वाटतो?

टिपणवही : नको, तो जमाखर्चाच्या वहीतला वाटतो. बरं, लेखात ‘पापुअन भाषाकुल’ असेल तर तेही खोडा. ते कुल नाहीच. त्या भागातल्या ऑस्ट्रोनेशियन (तैवानकडून समुद्रमार्गे पसरलेलं मोठं भाषाकुल) नसलेल्या भाषांना सोयीसाठी दिलेलं ते एकत्र नाव. त्यांतल्या कितीतरी भाषांचं एकमेकींशी नातं सिद्ध झालेलं नाही. न्यू ब्रिटनशेजारच्या न्यू आयर्लंड बेटावर अशी एकच भाषा उरली आहे, कुओट.

वाटसरू : मग ‘पापुअन म्हणजे आधीचे, ओशियानिक म्हणजे नंतर समुद्रावरून आलेले’ असं लिहू?

टिपणवही : भाषांबद्दल खुशाल लिहा, ओशियानिक ही ऑस्ट्रोनेशियनचीच शाखा. माणसांबद्दल नको. त्याच अभ्यासात मेलानेशियातल्या ओशियानिक बोलणाऱ्या निम्म्याहून कमी गटांत ऑस्ट्रोनेशियन जनुकीय खूण सापडली, तीही 20 टक्क्यांच्या आत. व्हानुआतू या बेटांच्या देशाची कथा आणखी मजेदार. तिथल्या तेओउमा या प्राचीन दफनभूमीतल्या सुमारे 3000 वर्षांपूर्वीच्या दफनांतल्या ज्यांचा डीएनए तपासला, त्यांच्यात पापुअन अंश जवळजवळ नव्हता. आजच्या रहिवाशांत तोच जास्त आहे, आणि देशी भाषा शंभरावर असून झाडून सगळ्या ओशियानिक! माणसं मिसळत, बदलत गेली, भाषा राहिली. म्हणून ‘ओशियानिक लोक’ न लिहिता ‘ओशियानिक भाषक’ लिहा. आणि हो, ‘भाषिक’ नव्हे. ते विशेषण.