गोळ्या मिळतात, खोकं मिळत नाही

उंबरठा

मागच्या महिन्यात माझ्या जावेची पाळी चुकली. दोन पोरं पदरात, धाकटं सव्वा वर्षाचं, तांबी बसवायची आज-उद्या करत राहून गेलेली. घरी किटवर बघितलं तर दोन रेघा. तिसरं नको हे तिचं आणि भाऊजींचं आधीच ठरलेलं. गर्भपाताच्या गोळ्यांसाठी भाऊजी सकाळी निघाले ते आमच्या तालुक्याच्या गावातली सहा मेडिकल पालथी घालून आले. सगळीकडे एकच उत्तर, "आम्ही ठेवत नाही." एकाने तर चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "बायकोसाठीच ना?" आणि विचारून झाल्यावर तोही नाही म्हणाला.

संध्याकाळी मात्र कुणाच्या तरी ओळखीने गोळ्या घरात आल्या. पेपरच्या तुकड्यात गुंडाळलेल्या, पट्टी कात्रीने कापलेली, एक गोळी वेगळी आणि चार एकसारख्या. खोकं नाही, आतला कागद नाही, बिल नाही. एक्सपायरीची तारीख कापलेल्या भागात गेलेली. आणणाऱ्याने तोंडी निरोप दिला, "एक आज, बाकीच्या उद्या-परवा." उद्या की परवा? गिळायच्या की कशा? जेवून की उपाशी? काही नाही. बाराशे रुपये घेतले.

मी त्या घेऊ दिल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीने जिल्ह्याला गेलो, डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, साडेसहा आठवडे निघाले, आणि मग खोक्यासकट औषध मिळालं. सगळं नीट पार पडलं. पण शंभर किलोमीटर जाऊन-येऊन, पोरं शेजारणीकडे टाकून, दोन दिवसांची मजुरी बुडवून.

माझं मत सरळ आहे. हे औषध डॉक्टरच्या चिठ्ठीवर प्रत्येक मेडिकलमध्ये मिळायला हवं, बीपीच्या गोळ्या मिळतात तसं. मेडिकलच्या फळीवरून हटवलं म्हणून ते गावातून हटलेलं नाही. हटलं ते फक्त खोकं.

सरळमार्गी

ताई, तुमच्या जावेचं नीट झालं याचा आनंद आहे. पण तुम्ही म्हणता ते राज्यभर केलं तर काय होईल याचा विचार करा. २०१२ साली बीडच्या परळीत गर्भपात करताना बाई दगावली, २०१७ मध्ये सांगलीच्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले गर्भ सापडले, विसरलात? मुली पाडायचा धंदा होता तो. त्यानंतर राज्यात मेडिकलवर धाडी पडल्या, म्हणून दुकानदार घाबरले आणि घाबरलेत ते बरंच आहे. फळीवर ठेवा म्हणणं म्हणजे त्या लोकांच्या हातात परत हत्यार देणं.

रानजाई

@सरळमार्गी, गणित करून बघा. या पाच गोळ्यांच्या किटला आपल्याकडे मान्यता आहे ती ९ आठवड्यांपर्यंत, म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ६३ दिवस. सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे दिसायला साधारण १३-१४ आठवडे जावे लागतात. सहाव्या आठवड्याला गोळी घेणाऱ्या बाईला पोटात काय आहे हे ठाऊकच नसतं. परळी आणि म्हैसाळ ही चौथ्या-पाचव्या-सहाव्या महिन्यातली पापं. त्यासाठी १९९४ चा गर्भलिंगनिदानाचा कायदा आहे, तो सोनोग्राफीच्या मशीनवर लावा. मशीनवाल्याला सोडून औषधवाल्याची मानगूट कशाला?

केमिस्ट_काका

बावीस वर्षं काउंटरला उभा आहे, म्हणून थोडं लिहितो.

शेड्यूल एच मधलं औषध आहे. चिठ्ठी बघून द्यायचं, बिल करायचं. एवढंच असतं तर मी आजही ठेवलं असतं. पण या किटवर लिहिलेलं असतं की गर्भपात कायद्याखालच्या केंद्रात, डॉक्टरच्या देखरेखीखालीच वापरायचं. मग चिठ्ठी आली तरी ती लिहिणारा डॉक्टर त्या कायद्यात बसतो का, हे मी कसं ओळखू? चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. उद्या काही झालं तर पहिला फोटो माझ्या दुकानाच्या पाटीचा.

धाडींच्या काळात एक तपासणीवाले साहेब माझ्याकडे आले. तीन वर्षांची बिलं काढायला लावली, किती किट घेतली, किती विकली, प्रत्येकीचं नाव-पत्ता. दोन बिलांवर डॉक्टरचं नाव अर्धवट होतं. दुकान बंद झालं नाही, पण सात दिवस झोप नव्हती. एका किटमागे मला सुटतात किती? त्याच्यापेक्षा खोकल्याचं औषध बरं, असं म्हणून त्या दिवसापासून बंद केलं. आमच्या गल्लीत सगळ्यांनी केलं.

आणि हो, गिऱ्हाईक थांबलं नाही. आठवड्याला दोघं-तिघं अजून विचारतात. मी नाही म्हटल्यावर कुठे जातात ते उंबरठाताईंनी लिहिलंच आहे.

सरळमार्गी

@रानजाई, ९ आठवडे हे खोक्यावर. घरात कोण मोजतं? चौथ्या महिन्यात चोरून चाचणी करून येतात आणि याच किटमधल्या चार गोळ्या घरी देतात, हे मी स्वतः आमच्या भागात ऐकलंय. आणि दुसरं, सुनेच्या नकळत दुधातून गोळ्या देणाऱ्या सासवाही असतात. उघड विक्री झाली की हे सोपं होणार. तिच्या हक्काच्या नावाने तिच्याच गळ्याला फास.

ओपीडीनंतर

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, उपजिल्हा पातळीवर काम करते. दोन्ही बाजूंना थोडं थोडं टोचणार आहे.

सरळमार्गी यांचा चौथ्या महिन्याचा मुद्दा खोटा नाही. त्या चार गोळ्यांतलं औषध पुढच्या महिन्यांत वापरलं जातं आणि तिथे बायका मरणाच्या दारात जातात, पिशवी फाटण्यापर्यंत. पण ते औषध बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायलाही लागतं. ते बाजारातून उठवलं तर माझ्याकडच्या बाळंतिणी मरतील.

आता उंबरठाताई. "बीपीच्या गोळ्यांसारखं" हे मला पटत नाही. गेल्या पावसाळ्यात एक मुलगी आली, वय चोवीस. आठ दिवसांपूर्वी अशाच कागदात गुंडाळलेल्या गोळ्या घेतलेल्या. अंगावर गेलं, तिला वाटलं मोकळी झाली. मग उजव्या बाजूला दुखायला लागलं, त्यावर घरच्यांनी ओवा दिला. माझ्यासमोर आणली तेव्हा ओठ पांढरे, नाडी लागेना, हिमोग्लोबिन पाच. गर्भ पिशवीत नव्हताच, नळीत होता आणि नळी फुटलेली. या गोळ्यांनी नळीतला गर्भ पडत नाही. थोडं अंगावर जातं आणि बाई फसते. रात्री दोन वाजता पोट उघडलं, तीन बाटल्या रक्त लागलं. वाचली.

म्हणून माझ्याकडे आधी चार गोष्टी होतात. पाळीची तारीख धरून दिवस मोजणं आणि जमेल तिथे सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, तांबी आत आहे का बघणं (असेल तर आधी काढायची), आणि दमा वगैरेसाठी दीर्घकाळ स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करायचं औषध चालू आहे का हे विचारणं. नंतर १४ दिवसांनी परत बोलावते. लघवीच्या किटवर विसंबू नका, गर्भ पडला तरी ते तीन-चार आठवडे दोन रेघा दाखवू शकतं. आणि गर्भ राहिलाच असेल तर "जाऊ दे, वाढू दे" म्हणता येत नाही, त्या औषधाने बाळात व्यंग येऊ शकतं.

उंबरठा

डॉक्टर, तुम्ही लिहिलंत ते सगळं मान्य. मी चिठ्ठीशिवाय म्हटलंच नव्हतं. पण त्या चोवीस वर्षांच्या मुलीने कागदातल्या गोळ्या का घेतल्या, ते विचारलंत का?

ओपीडीनंतर

विचारलं. आधी ती एका दवाखान्यात गेली होती. तिथे सांगितलं, नवऱ्याची सही आणा. नवरा कामाला परराज्यात. ती परत गेली नाही.

हे लिहिताना मला माझ्याच क्षेत्राची लाज वाटते. अठरा वर्षांवरच्या बाईची स्वतःची सही पुरते. नवऱ्याची, सासूची, कुणाची लागत नाही. १९७१ पासून कायदा असाच आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तर गर्भनिरोधक साधन फसल्याच्या कलमात "विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा" याऐवजी "कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार" असे शब्द आले, आणि तिचं नाव बाहेर फोडलं तर एक वर्षापर्यंत कैद आहे.

नवरा_क्रमांक_एक

सही नको, पण नवऱ्याला निदान कळायला तरी हवं की नाही? घरातल्या घरात एवढी मोठी गोष्ट लपवून काय संसार होतो?

रानजाई

कळायला हवं ते बायकोकडून. दवाखान्याने कळवायचं नसतं. तिला सांगावंसं वाटेल असं घर ठेवा की.

लीड्सकर

इकडचं सांगते. कोविडमध्ये इंग्लंडने फोनवर सल्ला आणि पोस्टाने गोळ्या अशी सोय केली, २०२२ मध्ये ती कायमची झाली. दहा आठवड्यांच्या आत असलं तर नर्स फोनवर तास-तास प्रश्न विचारते, पाळीची तारीख नक्की नसेल किंवा दुखत असेल तर सोनोग्राफीला बोलावते, नाहीतर घरी पाकीट येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनाही १२ आठवड्यांपर्यंत बाईने नीट माहिती आणि गरज पडल्यास दवाखाना हाताशी असताना स्वतः गोळ्या घेणं सुरक्षित मानतात. मग भारतात एवढा बाऊ का?

ओपीडीनंतर

@लीड्सकर, "दवाखाना हाताशी" हे शब्द तुम्ही भरकन वाचलेत. तुमच्याकडे फोन केला की अॅम्ब्युलन्स. माझ्याकडे पाड्यावरून बाई यायला नदीला पाणी नसेल तर दोन तास. शिवाय हिमोग्लोबिन आठ-नऊ हे इथे रोजचं.

लीड्सकर

मान्य. पण मग पाड्यावरच्या बाईला जिल्ह्याला बोलावूनही उपाय होत नाही ना?

केमिस्ट_काका

दोघींचंही खरं आहे, आणि त्याच्या मध्ये बाजार उभा आहे. 'लॅन्सेट'च्या वैद्यकीय मासिकात २०१५ सालचा देशाचा अंदाज आला होता तो मी कापून ठेवलाय. १ कोटी ५६ लाख गर्भपात, त्यातले ८१ टक्के गोळ्यांनी, आणि एकूण गर्भपातांपैकी ७३ टक्के दवाखान्याबाहेर घेतलेल्या गोळ्यांनी. आता या बायकांना "देखरेखीखाली" म्हणून सांगायचं कुणी?

सरळमार्गी

म्हणजे लोक कायदा मोडतात म्हणून कायदाच सोडायचा? परवा हेल्मेटबद्दलही हेच म्हणाल.

रानजाई

हेल्मेट दुकानात मिळतं हो. तेच म्हणतोय आम्ही. आणि कायद्याचंच बोलायचं तर दवाखान्याबाहेर स्वतः गोळी घेणारी बाईसुद्धा भारतीय न्याय संहितेच्या गर्भपाताच्या कलम ८८ मध्ये अडकू शकते. जुन्या दंड संहितेतल्या ३१२ चंच नवं नाव. म्हणून तर अंगावर जास्त गेलं तरी ती दवाखान्यात जायला घाबरते, आणि गेली तरी गोळ्या घेतल्या हे सांगत नाही.

ओपीडीनंतर

आणि आम्ही तासभर वेगळंच शोधत बसतो. कुणी वाचत असेल तर एवढं करा, काय घेतलं आणि कधी ते डॉक्टरला सांगा. आलेल्या बाईचा जीव वाचवणं एवढंच माझं काम आहे, उलटतपासणी घेणं नाही.

सरळमार्गी, तुमच्या दुधाच्या उदाहरणावर मी रात्रभर विचार केला. त्याला उत्तर आहे ते चिठ्ठीच. डॉक्टरने बाईला एकटीला आत घेऊन विचारलं तर जबरदस्ती कळते. पुडीत ते होत नाही. तुम्हाला जी भीती आहे ती आजच खरी झालेली आहे, मेडिकलमध्ये मिळत नसतानाही.

माझं म्हणणं असं. ९ आठवड्यांपर्यंत गोळ्या लिहून द्यायला मोठं ऑपरेशन थिएटर लागत नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे प्रशिक्षित डॉक्टर आपल्या साध्या दवाखान्यातूनही देऊ शकतो, फक्त मान्यताप्राप्त केंद्राशी त्याची जोडणी हवी आणि तसं प्रमाणपत्र भिंतीला लावायला हवं. प्रत्येक मेडिकल नको, पण प्रत्येक तालुक्यात असे दोन डॉक्टर आणि त्यांच्या शेजारचं एक मेडिकल तर हवं?

केमिस्ट_काका

डॉक्टरने चिठ्ठीवर केंद्राचा नोंदणी क्रमांक छापला तर मी उद्या किट ठेवतो. लिहून घ्या.

सरळमार्गी

नोंदणी क्रमांक, बिल, आणि महिन्याला हिशेब. एवढं असेल तर माझा विरोध निम्मा. उरलेला निम्मा ठेवतो.

उंबरठा

ठेवा. मीही "प्रत्येक मेडिकल" मागे घेते, डॉक्टरांच्या पाच हिमोग्लोबिनने माझी बोलती बंद केली.

एक मागणी. जावेच्या खोक्यातला कागद मी बघितला. मुंगीएवढ्या अक्षरात, सगळा इंग्रजीत. डॉक्टर, मराठीत एक पान लिहाल का? काका पिशवीत टाकतील.

ओपीडीनंतर

लिहायला घेतलंय. पहिली ओळ: "पहिली गोळी डॉक्टरांसमोर. उरलेल्या चार २४ ते ४८ तासांनी, सांगितल्या तशाच. त्या दिवशी घरात सोबत कुणीतरी हवं. थंडी वाजेल, जुलाब होतील, पोटात कळा येतील, हे अपेक्षित आहे." दुसरी ओळ: "अतिरक्तस्राव झाल्यास त्वरित संपर्क साधावा."

उंबरठा

पहिली फक्कड. दुसरी माझी जाऊ वाचून पुढे जाईल. अति म्हणजे किती?

ओपीडीनंतर

लागोपाठ दोन तास, तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजले तर.

रानजाई

आमच्याकडे निम्म्या जणी कापड घेतात.

ओपीडीनंतर

मग? "घडी दर अर्ध्या तासाला बदलावी लागतेय, आणि असं दोन तास चाललंय. थांबू नका, निघा." त्याखाली: "चक्कर, एका बाजूचं दुखणं, एक दिवसाहून जास्त ताप. तरीही निघा."

केमिस्ट_काका

हे गिऱ्हाइकाला कळेल. अर्ध्या पानात बसवा, म्हणजे पिशवीत घडी न घालता जाईल.